इंगरबाईंचे सात सदरे

मित्रांनो, माझी बॅटरी फुगली आहे, डाव्या कोपऱ्यात काच तडकली आहे आणि माझ्यातून येणारा प्रत्येक आवाज जरा घोगराच येतो. मोबाइलच्या आयुष्यात सहा वर्षं म्हणजे चांगलंच म्हातारपण. तरी माझा जीव अजून एका जागी ठरत नाही. कुणाचा निरोप आला, कुणाचा यायचा राहिला, याच काळजीत मी दिवसभर थरथरत असतो. जोवर चालू आहे तोवर माझी हकिगत सांगून टाकतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींनी माझे भाग चिमट्यांनी जोडले. शेवटी माझ्या डोळ्याला, म्हणजे कॅमेऱ्याला, एक सवय लावली गेली. समोर जे दिसेल ते थोडं उजळ करून दाखवायचं. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

लोहारा गावच्या एका दुकानात मला गायत्रीने उचललं, तेव्हा दुकानदारानेही तेच गुण गायले. "वहिनी, ह्याच्यात फोटो लई झकास येतोय. वाळलेलं झाड हिरवं दिसतंय बघा!"

गायत्री हसली आणि मी तिच्याबरोबर माकणीला आलो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मिळालेलं दोन खोल्यांचं घर, पुढं ओसरी, अंगणात एक कडुनिंब. घरात गायत्री, लोहारा-माकणी जीप चालवणारा तिचा नवरा सोमेश आणि सोमेशची आई शिवम्मा. ओसरीवर शिवम्मा आणि शेजारच्या हरणाबाई जुन्या साड्यांचे थर अंथरून वाकळ शिवत बसायच्या. शिवम्माचं माहेर कर्नाटकातलं, म्हणून ती वाकळेला कौदी म्हणायची. कडेपासून आत आत जाणारा धावदोरा, चारी कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी फुलं. एक कौदी पुरी व्हायला दोन-तीन महिने जायचे.

गायत्री बी.कॉम. झालेली. हाताने केलेल्या वस्तू जगभर विकणारं एक संकेतस्थळ तिने माझ्यावर शोधलं आणि तिथे दुकान उघडलं. फोटो मी काढायचे. किती खुशीत काढले मी ते! विटलेल्या लालाचं डाळिंबी केलं, मळकट पिवळ्याची हळद केली. गायत्री पडद्याकडे बघून म्हणायची, "आत्याबाई, बघा तरी किती छान आलाय." शिवम्मा हातातली सुई न थांबवता नुसतं "व्हय व्हय" म्हणायची.

दोन महिने कुणी फिरकलं नाही. कोण फिरकणार? नवीन दुकान, आधीच्या एकाही गिऱ्हाइकाचा शब्द नाही, गावाचं नाव कुणी ऐकलेलं नाही. मग एके दिवशी डेन्मार्क नावाच्या देशातून इंगर नावाच्या बाईंचा प्रश्न आला. फोटोतला लाल रंग खरोखर असाच आहे का? गायत्रीने क्षणभरही विचार न करता लिहिलं, "अगदी असाच."

कौदी गेली. वीस दिवसांनी उत्तर आलं. गायत्रीने ते मोठ्याने मराठीत वाचलं आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही मला दुसरीच वस्तू पाठवली. फोटोतली लाल होती, ही विटकरी आहे. मी तुम्हाला विचारलं होतं. तुमच्या शब्दावर मी विश्वास ठेवला होता."

खाली एकच चांदणी. पाचापैकी एक. संकेतस्थळाने ताकीद दिली, अशी आणखी एक तक्रार आली तर दुकान बंद. मधल्या दिवसांत आलेल्या दुसऱ्या दोघांनीही आपली मागणी रद्द केली.

गायत्री चिडून लाल झाली. "मी हीच कौदी माझ्या हातानं बांधली! ह्यांनी ती पोस्टात नेऊन दिली. खोटं बोलतीय ती बाई." आणि ती माझ्यावर भराभर उत्तर लिहायला लागली. तिची बोटं काचेवर आपटत होती. मला मात्र आतून काहीतरी टोचायला लागलं होतं.

"थांब जरा," शिवम्मा म्हणाली. "मला दाव तो फोटू."

तिने मला लांब धरलं, जवळ धरलं, उन्हात नेलं. "ही कुणाची कौदी?"

"असं काय करता आत्याबाई? तुमचीच की."

"न्हाय ग. म्या तीन महिने मांडीवर घेऊन बसले होते ती. त्यातलं लाल हरणाबाईच्या इरकलीचं. धुऊन धुऊन इटलेलं. हे लाल माझं न्हाय."

गायत्री झटकन उठली. मग आत जाऊन तिने दुसरी कौदी आणली, अंगणात पसरली, फोटो काढला आणि मला त्या कौदीच्या शेजारीच ठेवलं. एकीकडे खरं कापड, एकीकडे मी. मित्रांनो, त्या क्षणी माझा पडदा काळा पडला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. इतके दिवस ज्याची वाहवा झाली, तोच माझा गुण चौघांपुढे उघडा पडला होता. माझ्या डोळ्याने एका बाईला फसवलं होतं, आणि तिच्यापुढे गायत्री खोटी ठरली होती.

सोमेश जेवायला आला होता. तो म्हणाला, "जाऊ द्या की. ती कुठं तिकडं, आपण कुठं हिकडं. पुन्हा थोडीच गाठ पडणार हाय? दुसरं गिऱ्हाईक बघा."

शिवम्माने सुई कापडात खोचून ठेवली. ती असं क्वचितच करायची.

"सोमू, भूकंपात तू दीड वर्साचा होतास. घर पडलं, वर आभाळ, खाली चिखल. ट्रकमधून कांबळी वाटली. माझ्या वाटणीला एक निळं आलं. त्याच्यावर कायतरी परदेशी अक्षरं. त्या माणसांचं तोंड म्या पाहिलं न्हाय, नाव ठाऊक न्हाय. पर कांबळं जाड होतं, उबदार होतं. कुणी फाटकं खपवलं न्हाय आपल्यावर. तू त्यात दोन हिवाळे निजलास." ती सुनेकडे वळली. "गायत्री, त्या बाईला खरं काय ते लिही."

गायत्रीने आधीचं सगळं पुसलं. नव्याने लिहायला तिला बराच वेळ लागला. "चूक आमची आहे. आमच्या मोबाइलने रंग उजळ केले आणि आम्ही ते खऱ्या कापडाशी ताडून पाहिले नाहीत. तुम्ही विचारलं तेव्हाही पाहिलं नाही. पैसे परत करत आहोत. कौदी तुमच्याकडेच राहू द्या, एवढ्या लांबून परत पाठवण्याचा त्रास घेऊ नका." खाली तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि शिवम्माचंही.

मग तिने माझ्या सेटिंगमध्ये शिरून ती सवय बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात सगळ्या कौद्यांचे फोटो पुन्हा काढले. टेप लावून लांबी-रुंदी दाखवली. जिथे रफू होतं तिथे रफूचा फोटो, डाग होता तिथे डागाचा. हरणाबाईंना हसू आवरेना. "अग, डाग दावून कोण इकतंय? ठिगळ लपवायचं असतंय!" पण त्यांनीच मग आपल्या कौदीवरचा चहाचा एक डाग शोधून दिला.

मला वाटलं होतं आता सगळं सुरळीत होईल. तसं काही झालं नाही. इंगरबाईंचं दोन शब्दांचं उत्तर आलं, "मिळाले. आभार." बस्स. दुकानावर ती एकटी चांदणी तशीच राहिली. गायत्री भाजी चिरताना मध्येच हात पुसून मला उघडायची, बंद करायची. मी रोज थरथरायचो ते फक्त कंपन्यांच्या जाहिरातींनी. दर वेळी ती धावत यायची आणि दर वेळी तिचा चेहरा पडायचा. हळूहळू एखादी मागणी येऊ लागली. कुणी लिहायचं, "जशी दाखवली तशीच आली." ती ओळ गायत्री सासूला दोनदा वाचून दाखवायची.

चार महिने गेले आणि एका सकाळी इंगरबाईंचं लांबलचक पत्र आलं.

"मी ती कौदी रोज अंगावर घेते," त्यांनी लिहिलं होतं. "मध्येमध्ये तुमचं दुकान बघते. तुम्ही डागसुद्धा दाखवता. म्हणून विचारण्याचं धाडस करते. माझे पती आक्सेल गेल्या हिवाळ्यात वारले. ते होड्या दुरुस्त करायचे. त्यांचे सात सदरे माझ्या कपाटात आहेत. मला ते टाकवत नाहीत आणि बघवतही नाहीत. शिवम्मा त्यांची कौदी करतील का?"

गायत्रीने मला ओट्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकली. "नको बाई. वाटेत हरवलं तर? आपली वस्तू गेली तर दुसरी शिवता येते. हे कुठून आणून द्यायचं?"

शिवम्मा म्हणाली, "तिनं मालकाचं नाव सांगितलं आपल्याला. आता न्हाय कसं म्हनायचं? पाठव म्हणावं."

तेव्हापासून माझे खरे अस्वस्थ दिवस सुरू झाले. पार्सलला एक लांब नंबर होता. तो टाकला की पार्सल कुठवर आलं ते दिसायचं. सकाळी चुलीपुढे, दुपारी धुण्याच्या दगडावर, संध्याकाळी ओसरीत, दिवसातून तीस-चाळीस वेळा तो नंबर माझ्यात टाकला जायचा. निघाले. विमानात चढले. मुंबईला उतरले. आणि मग एकच ओळ, जी बदलेचना. "कस्टमच्या तपासणीसाठी थांबवले आहे."

एक दिवस, तीन दिवस, सहा दिवस. हरणाबाई रोज दारात. "आलं का ग त्या बाईच्या मालकाचं सामान?" सोमेश जीपमधून फोन करून विचारायचा. शिवम्माने दुसरं शिवणच हाती घेतलं नाही. नव्या सुया आणून ठेवल्या होत्या, त्याच पुन्हा पुन्हा पुसत बसायची. आणि तिकडून इंगरबाई रोज एकच शब्द लिहायच्या, "काही?"

सातव्या दिवशी दुपारी मी वाजलो. अनोळखी नंबर.

"मॅडम, कस्टम ऑफिसमधून बोलतोय. तुमचं परदेशी पार्सल अडकलंय ना? आता तुमच्या मोबाइलवर एक ओटीपी येईल. तो सांगा, लगेच सोडतो."

सहा आकडे माझ्यावर आले. त्यांच्या खालीच लिहिलं होतं, हा नंबर कुणालाही सांगू नका. मी ती ओळ जमेल तितकी ठळक दाखवत होतो. पण सात दिवस वाट पाहून शिणलेल्या माणसाला अशी ओळ दिसत नाही. गायत्री घाईघाईने म्हणाली, "हो हो, सांगते. चार... सात..."

तेवढ्यात ओसरीवरून शिवम्मा ओरडली, "अग, आधी त्यास्नी इच्यार, सामान भिजलं तर न्हाय ना?"

गायत्रीने विचारलं, "पार्सलमधलं सामान नीट आहे ना हो?"

"एकदम सेफ मॅडम. घड्याळ आहे तसं पॅक आहे. पुढचा आकडा बोला."

घड्याळ! गायत्रीने बोटाने मला असं काही दाबलं की माझी काच करकरली. फोन बंद झाला. ती भिंतीला टेकून खाली बसली.

कस्टमचं खरं पत्र दुसऱ्या दिवशी सोमेशने लोहाऱ्याच्या पोस्टातून आणलं. त्यात कुणी कसला नंबर मागितला नव्हता. साधे प्रश्न होते. वापरलेले कपडे कुणाचे, कशासाठी मागवले, विकणार आहात का? गायत्रीने सगळं होतं तसं लिहिलं, इंगरबाईंचं पत्र जोडलं, शिवम्मा कौदी शिवत असल्याचे फोटो जोडले. पाच दिवसांनी ती ओळ बदलली. "पुढे रवाना."

पार्सल आलं त्या दिवशी सोमेशने जीपच्या पुढच्या सीटवर कुणालाही बसू दिलं नाही. एक जण म्हणाला, "सीट तर मोकळीच हाय की." सोमेश म्हणाला, "मोकळी न्हाय. पाव्हणं हायती."

पार्सल उघडताना गायत्रीने मला समोर धरलं. चिकटपट्टी अख्खी आहे हे इंगरबाईंना दिसावं म्हणून. आतून सात सदरे निघाले. निळे, करडे, एक चौकडीचा, कोपरावर झिजलेला. शिवम्माने तो चौकडीचा नाकाशी नेला. "माणसाचा वास हाय अजून ह्याला," ती म्हणाली आणि तिने तो घडी करून ठेवून दिला.

दोन दिवस ती कात्री घेऊन बसली आणि दोन्ही दिवस तिने कापलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गायत्री, त्या बाईला बोलाव. तिच्यासमूर कापते."

आमचे साडेअकरा वाजले होते, तिकडे सकाळचे आठ. वीज गेलेली, माझ्यात जेमतेम नऊ टक्के बळ. इंगरबाई पडद्यावर आल्या. पांढरे केस, गोल चष्मा, मागे खिडकीत करडं आभाळ. गायत्रीचं इंग्रजी आणि त्यांचं इंग्रजी, दोन्ही अडखळत चालणारं. शिवम्माने हात जोडले. पलीकडूनही हात जुळले.

शिवम्माने पहिल्यांदा चौकडीचाच सदरा घेतला. कापण्याआधी तिने सगळीकडून हात फिरवला, आणि छातीच्या खिशाशी तो थांबला. खिशात घडी घातलेला एक कागद होता. धुऊन धुऊन कडक झालेला. तिने तो फेकला नाही, उलगडलाही नाही. तसाच माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाई, ह्यात कायतरी हाय. उघडू का?"

गायत्रीने ते इंग्रजीत सांगताच इंगरबाईंनी होकारार्थी मान हलवली.

कागदावर पेन्सिलीची फिकट, अर्धी पुसलेली अक्षरं होती. मित्रांनो, माझ्या डोळ्यापुढे तडा, बॅटरीत शिल्लक चार टक्के. मला ती अक्षरं धरता येईनात. धूसर, मग स्पष्ट, मग पुन्हा धूसर. गायत्री मला जवळ नेई, लांब नेई. "धर रे, धर," ती मलाच म्हणत होती. आयुष्यात इतकी धडपड मी कधी केली नव्हती. शेवटी अक्षरं ठरली, आणि गायत्रीने त्याच क्षणी त्यांचा फोटो टिपला.

इंगरबाई हळूहळू वाचू लागल्या आणि गायत्री सासूला सांगू लागली. "पाव. दिवा, छोटा. दोरी दहा मीटर. आणि... इंगरचा चष्मा तयार झालाय, आणायचा."

पलीकडे इंगरबाईंनी हात वर नेला आणि डोळ्यांवरच्या चष्म्याला बोट लावलं. "हाच," त्या म्हणाल्या. "आणला होता त्यांनी."

शिवम्माला भाषा कळली नाही, पण बोट कळलं. तिने पदर डोळ्यांना लावला. थोड्या वेळाने इंगरबाईंनीच बोटांची कात्री करून दाखवली. कापा. खिसा तेवढा ठेवा.

कात्रीचा पहिला कर्र असा आवाज दोन्ही घरांत एकदमच ऐकू गेला असेल. त्यानंतर मी बंद पडलो.

ती कौदी अडीच महिन्यांनी डेन्मार्कला पोचली. तिच्या मधोमध तो चौकडीचा खिसा अख्खा आहे आणि खिशात तो कागद. इंगरबाईंनी पाच चांदण्या दिल्या, पण त्याहून जास्त म्हणजे त्यांनी आपल्या ओळखीच्या तिघींना पत्ता दिला. आता माकणीच्या ओसरीवर सात बायका बसतात. कुणाच्या आईचा झगा येतो, कुणाच्या बाळाचे कपडे. अनोळखी माणसं आपल्या घरातलं सगळ्यात जपलेलं कापड पेटीत घालून आमच्या पत्त्यावर सोडून देतात. ते पोचेपर्यंत मी अजूनही थरथरतो. माझी ही सवय आता जायची नाही.

परवा सोमेशने गायत्रीसाठी नवा मोबाइल आणला आहे. मला लवकरच भंगारवाला नेईल, ते बरोबरच आहे. माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे, मित्रांनो, आणि ते तुमच्या घरातल्या जुन्या मोबाइलच्या वतीनेही आहे. आम्हाला दाराबाहेर काढण्याआधी आमच्या पोटातलं सगळं नीट पुसून टाका. माझ्यात इंगरबाईंचं घर कुठल्या गल्लीत आहे ते आहे, त्या एकट्या राहतात हे आहे, चार परक्या बायांची दुःखं आहेत. ती त्यांनी गायत्रीला सांगितली होती, मला भंगारातून उचलणाऱ्या कुणाला नाही. आणि तो पेन्सिलीच्या अक्षरांचा फोटोही माझ्यात आहे. मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो तोच.

तोही पुसा.